मोटारीचा टायर : स्वस्त कोणता, परवडणारा कोणता?

बालाघाट जिल्ह्यातील मोटारीला वर्षभरात अनेक कसोट्यांना उतरावे लागते. उन्हाळ्यात डांबर तापते, पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील रस्ते निसरडे होतात आणि बैहर-मलाजखंडकडे जाताना घाटातील वळणे लागतात. अशा प्रत्येक ठिकाणी रस्त्याला टेकलेले असते ते चाकाखालचे तळहाताएवढे रबर. म्हणून टायर निवडताना किमतीइतकाच सुरक्षिततेचाही विचार करणे अगत्याचे आहे.

टायरचे प्रकार

जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये आतील धाग्यांचे थर तिरपे व एकमेकांना छेदणारे असतात. रेडियल टायरमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात व वर पोलादी पट्टे असतात. त्यामुळे रेडियल टायर कमी तापतो, अधिक टिकतो आणि इंधनही वाचवितो. आजच्या मोटारींना बहुधा रेडियल व ट्यूबविरहित टायर असतात. खिळा रुतला तरी ट्यूबविरहित टायरमधील हवा बहुधा हळूहळू जाते व चालकास सावरण्यास अवधी मिळतो.

बाजूवरील अक्षरे

समजा, टायरवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असे लिहिले आहे. यात १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० ही रुंदीच्या शेकडा प्रमाणात उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल व १४ हा चाकाच्या रिमचा इंचांतील व्यास होय. ८५ हा अंक ५१५ किलोग्रॅम भारक्षमता, तर ‘टी’ हे अक्षर ताशी १९० किलोमीटर वेगमर्यादा दर्शविते. मोटार उत्पादकाने सांगितलेल्या मापाहून व क्षमतेहून कमी टायर घेऊ नये. उत्पादनाच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आय.एस.आय. चिन्हही अवश्य पाहावे.

नाममुद्रा आणि किंमत

चेन्नईची एम.आर.एफ., मुंबईची सिएट, मध्यप्रदेशात बानमोर येथे कारखाना असलेली जे.के. टायर, तसेच अपोलो, ब्रिजस्टोन इत्यादी नावे परिचित आहेत. एकाच कंपनीचे टायर निरनिराळ्या दर्जांचे व किमतींचे असतात. म्हणून केवळ नावावर न जाता माप, क्षमता, उत्पादनकाल व हमीपत्र यांची तुलना करावी.

खरा हिशेब किलोमीटरचा असतो. ४,००० रुपयांचा टायर ४०,००० किलोमीटर चालला तर खर्च किलोमीटरला १० पैसे येतो. ३,००० रुपयांचा टायर २०,००० किलोमीटरच चालला तर तोच खर्च १५ पैसे होतो. कमी किमतीचा टायर येथे महाग ठरला.

टायर केव्हा बदलावा?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे पृष्ठभागाच्या पातळीस आले की ही मर्यादा गाठली असे समजावे. खाचा झिजल्या की पाणी बाजूस सारले जात नाही, चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबूनही मोटार थांबत नाही. झिजलेल्या टायरवर नव्याने खाचा कोरून तो स्वस्तात विकला जात असल्यास मुळीच घेऊ नये, कारण कोरण्याने रबर वाढत नाही, उलट उरलेलेही पातळ होते.

टायर थंड असताना हवेचा दाब नियमित तपासावा, चाकांची सरळता पाहून घ्यावी आणि ठराविक अंतरानंतर टायरची अदलाबदल करावी. एवढी दक्षता घेतल्यास मध्यम किमतीचा टायरही दीर्घकाळ व निर्धोक सेवा देतो.