बदामाचं पान, फायटरचं पाणी

थंडी सरताना देशी बदामाची पानं तांबडी होऊन गळतात. ती पेटवू नका. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या एखाद्या घरात फायटर मासा असेल, तर त्याला ती हवी आहेत. हा मूळचा आग्नेय आशियातला, पालापाचोळ्याने चहासारख्या रंगलेल्या संथ पाण्यातला. वाळकं पान भिजलं की टॅनिन आणि ह्युमिक आम्लं पाण्यात उतरतात. पानाचा अर्क काही जिवाणूंची वाढ रोखतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण आजारी माशाचं ते औषध नव्हे.

पानाने पाणी आम्लधर्मी होतंच, हा समजही आपल्याकडे तपासून घ्यावा. नळाला जायकवाडीचं पाणी, बोअरला बेसॉल्टच्या भेगांतून झिरपलेलं. बोअरचं पाणी बहुधा जड. त्यातली बायकार्बोनेटं आम्ल निष्प्रभ करतात. रंग चढतो, सामू जेमतेम हलतो.

पान आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं घ्या. हिरवं कुजून पाणी नासवतं. रहदारीच्या रस्त्यावरचं किंवा फवारणी झालेलं नकोच. धुतलेलं एक पान 20-30 लिटरला पुरे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र आधी काढा. ते काम पानावर सोडू नका.