नवी बोलेरो येईपर्यंत थांबायचं का? आधी तारीख विचारा, मग हिशेब करा

पाटण : उसाची बिलं खात्यावर पडायला लागली की तालुक्यात गाड्यांच्या चौकशा सुरू होतात. मल्हारपेठ असो, ढेबेवाडी असो, तारळे नाहीतर मोरगिरी असो, पारावर एक प्रश्न हमखास निघतो. "आत्ता घ्यायची, का नवीन मॉडेल येईपर्यंत थांबायचं?" बोलेरोच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्तच. मोबाईलवर रोज कुणीतरी झाकलेल्या गाडीचा व्हिडिओ पाठवतो, खाली लिहिलेलं असतं 'नवी बोलेरो लवकरच'. मग पोराचं म्हणणं थांबूया, बापाचं म्हणणं पाडव्याला घेऊन टाकू, आणि तेवढ्यात पैसे दुसरीकडेच खर्च होतात.

आठ-दहा लाखांचा व्यवहार आहे. बहुतेकांच्या घरात शेतजमीन आणि घर सोडलं तर एवढा मोठा खर्च दुसरा होत नाही. त्यामुळे थांबण्यात फायदा कधी असतो आणि तोटा कधी, हे गेल्या काही वर्षांत काय घडलं त्यावरून समजून घेतलेलं बरं.

'नवीन मॉडेल' म्हणजे नक्की काय?

शोरूममध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींना 'नवीन मॉडेल' म्हणतात.

पहिला प्रकार म्हणजे रंगरंगोटी. जाळी बदलते, दिवे बदलतात, आत मोठी स्क्रीन येते. इंजिन आणि सांगाडा तोच राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण नवी गाडी. सांगाडा, सस्पेन्शन, आतली जागा, सगळं नव्याने केलेलं असतं. नाव जुनं राहतं, पण गाडी वेगळी असते, आणि बहुतेक वेळा किंमतही वेगळी.

तिसरा प्रकार कागदावरचा. गाडी तीच राहते, पण कर किंवा प्रदूषणाचा नियम बदलतो आणि त्याने किंमत खाली-वर होते.

थांबायचं का, याचं उत्तर या तिन्ही प्रकारांत वेगवेगळं येतं.

ऑक्टोबर २०२५ : थांबलेल्यांना काय मिळालं

बोलेरो २००० साली बाजारात आली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी आपल्या भागात दूध, लग्न, दवाखाना, वडाप अशा सगळ्या कामांना वापरली जाते. ६ ऑक्टोबर २०२५ ला महिंद्राने बोलेरो आणि बोलेरो निओ दोन्ही नव्या रूपात आणल्या. बोलेरोची एक्स-शोरूम किंमत ७.९९ लाखांपासून आणि निओची ८.४९ लाखांपासून जाहीर झाली.

बदल काय झाले? पुढची जाळी नवी, फॉग लॅम्प, आत टचस्क्रीन, चांगली सीट, स्टिअरिंगवर बटणं, आणि धक्के कमी बसावेत म्हणून सस्पेन्शनमध्ये सुधारणा. बोलेरोला बी-८ आणि निओला एन-११ असं वरचं मॉडेलही मिळालं. इंजिन मात्र तेच राहिलं, १,४९३ सीसीचं डिझेल. सांगाडाही तोच आणि मागच्या आडव्या सीटही त्याच. म्हणजे हा पहिला प्रकार.

पण त्या वर्षी थांबलेल्यांचा खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या आणि दीड हजार सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के सेस मिळून ३१ टक्के कर होता. तो १८ टक्क्यांवर आला. बोलेरो या मापात बसते. महिंद्राने तर तारखेच्या आधीच, ६ सप्टेंबरपासून किंमती उतरवल्या आणि बोलेरो-निओवर १.२७ लाखांपर्यंत कपात जाहीर केली.

हिशेब सोपा आहे. समजा करापूर्वी गाडीची किंमत साडेसात लाख आहे. ३१ टक्क्यांनी ती ९ लाख ८२ हजार ५०० होते. १८ टक्क्यांनी ८ लाख ८५ हजार. फरक ९७ हजार ५०० रुपयांचा. शिवाय रोड टॅक्सही किंमतीवरच बसतो. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के आणि दहा ते वीस लाखांपर्यंत १४ टक्के रोड टॅक्स आहे. किंमत उतरली की तोही उतरतो.

म्हणजे स्क्रीन आणि जाळीसाठी थांबलेल्या माणसाला लाखभर रुपये वाचले, पण ते करामुळे. ज्याने जुलै-ऑगस्टमध्ये घाई केली त्याचे तेवढे जास्त गेले. मात्र एक गोष्ट नीट बघायला हवी. कर कमी होणार याची घोषणा १५ ऑगस्टला झाली होती, ३ सप्टेंबरच्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत दर आणि तारीख ठरली. जो ऑगस्टच्या शेवटी थांबला, त्याला महिनाभरच थांबायचं होतं, आणि कशासाठी थांबतोय हे माहीत होतं. तारीख असलेली वाट अशी असते.

२०२२ ची स्कॉर्पिओ : बिनतारखेची वाट

दुसरी बाजूही बघितली पाहिजे. 'नवी स्कॉर्पिओ येणार' ही चर्चा बरीच वर्षं चालली होती. शेवटी २७ जून २०२२ ला स्कॉर्पिओ-एन आली. ती दुसऱ्या प्रकारातली, पूर्ण नवी गाडी. आकाराने मोठी, सुरुवात ११.९९ लाखांपासून. ३० जुलैला बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासाच्या आत एक लाखावर बुकिंग झालं. सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या २५ हजार बुकिंगना होती. त्या दिवशी ज्याच्या गावात रेंज नव्हती, त्याचा नंबर मागेच गेला. पुढे काही मॉडेलला वर्ष-वर्षाच्या पुढे वेटिंग लागलं.

गंमत म्हणजे जुनी स्कॉर्पिओ बंद झालीच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती 'स्कॉर्पिओ क्लासिक' म्हणून पुन्हा आली. जो जुन्याच किंमतीत नवी गाडी मिळेल म्हणून थांबला होता, त्याच्यापुढे दोन वाटा उरल्या. एक तर जास्त पैसे घालून वेटिंगमध्ये उभं राहायचं, नाहीतर जी गाडी आधीच घेता आली असती तीच उशिरा घ्यायची.

बोलेरोच्या घरातही असंच झालं होतं. जुलै २०२१ मध्ये आलेली बोलेरो निओ ही मुळात २०१५ च्या टीयूव्ही-३०० वरून सुधारलेली गाडी. ती आली म्हणून जुनी बोलेरो गेली नाही. दोन्ही शेजारी-शेजारी विकल्या जाताहेत. त्यामुळे 'नवी आली की जुनी बंद' हे नेहमी खरं ठरत नाही, आणि 'नवी आली की जुन्याच्याच किंमतीत' हे तर फारच क्वचित.

मग २०२७ ची चर्चा काय आहे?

१५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत महिंद्राने व्हिजन एस, व्हिजन टी, व्हिजन एक्स आणि व्हिजन एसएक्सटी अशा चार संकल्पना गाड्या दाखवल्या. एनयू आयक्यू नावाच्या नव्या सांगाड्यावर या गाड्या असतील आणि २०२७ पासून तयार होऊ लागतील असं कंपनीने सांगितलं. मोबाईलवर फिरणारे 'नवी बोलेरो'चे बरेचसे व्हिडिओ याच गाड्यांभोवतीचे आहेत.

पण दाखवलेली गाडी आणि विकायची गाडी यात अंतर असतं. यातली कोणती गाडी बोलेरो नावाने येईल, हे त्या कार्यक्रमात कंपनीने सांगितलं नव्हतं. किंमत सांगितली नव्हती. '२०२७ पासून' याचा अर्थ जानेवारी असाही होतो आणि डिसेंबर असाही. त्यात पहिले काही महिने बुकिंगची गर्दी धरली, तर पाटणच्या माणसाच्या दारात गाडी कधी लागेल याचा भरवसा धरता येत नाही.

आणखी एक मुद्दा. पूर्ण नव्या गाडीचा पहिला लॉट घेणाऱ्याला बारीकसारीक अडचणी आधी भोगाव्या लागतात. आपल्याकडच्या मिस्त्रींना जुन्या बोलेरोचं इंजिन हातासारखं माहीत आहे, पार्टही गावागावात मिळतात. नव्या गाडीला सुरुवातीला प्रत्येक कामासाठी कराड नाहीतर सातारा गाठावं लागणार.

सुरक्षेसाठी थांबत असाल तर

थांबण्याचं एक कारण मात्र वजनदार आहे. एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत बोलेरो निओला एकच स्टार मिळाला. घाटरस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या घराने याचा विचार केलाच पाहिजे. स्टार प्रामुख्याने सांगाड्याच्या ताकदीवर, एअरबॅग आणि पट्ट्यांवर ठरतात. स्क्रीन आणि जाळी बदलून ते वाढत नाहीत.

पण हेच कारण असेल तर दीड वर्ष थांबायची गरज काय? चार मीटरच्या आतल्या टाटा नेक्सॉन आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ या गाड्यांना भारत एनकॅपमध्ये पाच स्टार आहेत, आणि त्या आजच मिळतात. फक्त त्या पाच सीटच्या आहेत आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. बोलेरोला मागच्या चाकांची ओढ आणि वेगळी चासी आहे. पावसाळ्यात चिखलातून माणसं आणि माल भरून चढ चढायचा असेल तर तिचा फायदा कळतो. रोजचा रस्ता डांबरी आणि घरात चार-पाच माणसं असतील, तर सुरक्षित गाडी आजच बघावी. कोयना खोऱ्यातल्या वरच्या वाड्यांवर राहणाऱ्यांचं गणित वेगळं असेल.

थांबण्याची किंमत अशी काढा

थांबणं फुकट नसतं. ते किती महाग आहे हे ज्याच्या त्याच्या वापरावर ठरतं.

समजा घरात गाडी नाही आणि महिन्यातून चार वेळा दवाखान्याला, बाजाराला भाड्याची गाडी करावी लागते. फेरीला २,००० रुपये धरले तर महिन्याला ८,००० झाले. आता गाडी घेतली असं धरा. आठ लाखांचं कर्ज, सात वर्षांची मुदत, ९ टक्के व्याज, तर हप्ता सुमारे १२,८७० रुपये येतो. डिझेल, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. अशा घराने खुशाल थांबावं. प्रत्येक महिन्याला पैसे वाचताहेत.

पण महिन्याला दहा फेऱ्या असतील तर भाडं २०,००० वर जातं. हप्ता, डिझेल, विमा आणि सर्व्हिसिंग मिळून खर्च तेवढ्याच घरात जातो. तिथे बरोबरी झाली, आणि गाडी मात्र आपल्या नावावर राहते. त्याच्या पुढे वापर असेल तर थांबणं हा तोटा.

गाडीवर पोट असेल, म्हणजे पिवळ्या पाटीवर वडाप किंवा भाडी असतील, तर प्रत्येक महिना म्हणजे गेलेली कमाई. जुनी गाडी दर पावसाळ्यात इंजिन किंवा गिअरबॉक्सवर पैसे मागत असेल, तर गेल्या वर्षभराची बिलं एकत्र करून बघावीत. आकडा डोळ्यासमोर आला की निर्णय आपोआप होतो. घरात डायलिसिसचा पेशंट किंवा म्हातारं माणूस असेल आणि रात्री कराड गाठायची वेळ येत असेल, तर हा हिशेब पैशात मांडायचाच नाही.

घेताना हे बघा

गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारा. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापून येतं आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. डिसेंबरात तयार झालेली गाडी जानेवारीत घेतली तरी ती मागच्याच वर्षाची. तशी असेल तर सूट मागून घ्या.

बुकिंगच्या पावतीवर बहुतेक ठिकाणी 'डिलिव्हरीच्या दिवशीचा दर लागू' असं असतं. म्हणजे बुकिंग केलं तरी दर पक्का झाला असं नाही. बऱ्याच कंपन्या जानेवारीत थोडी दरवाढ करतात, तेव्हा डिसेंबरचं बुकिंग आणि फेब्रुवारीची डिलिव्हरी महाग पडू शकते. बुकिंग रद्द केलं तर पैसे पूर्ण परत मिळतात का, हेही लिहून घ्या.

नवं रूप यायच्या तोंडावर जुना स्टॉक राहिलेला असतो. ज्याला स्क्रीनचं कौतुक नाही, त्याच्यासाठी तीच संधी. इंजिन तेच असेल तर चार पैसे कमी देऊन तीच गाडी मिळते. दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी घेणाऱ्यालाही अशा वेळी भाव करायला जागा मिळते.

थोडक्यात

बदलाची तारीख कागदावर आहे, ती दोन-तीन महिन्यांच्या आत आहे, आणि त्या बदलाने आपल्या कामात किंवा खिशात फरक पडणार आहे, असं तिन्ही असेल तर थांबावं. सप्टेंबर २०२५ ला तसं होतं. तारीख नसेल, बातमी मोबाईलवरचीच असेल आणि घरात गाडीची गरज आज असेल, तर थांबू नये. आणि ज्याची जुनी गाडी अजून व्यवस्थित चालते, पासिंग बाकी आहे, खर्च काढत नाही, त्याने २०२७ पर्यंत बघावं. नवी गाडी आल्यावर पहिलं बुकिंग दुसऱ्याला करू द्यावं, सहा महिन्यांनी त्याच्या गाडीत बसून कुंभार्ली घाट चढून बघावा, आणि मग ठरवावं.