पावसाळ्यात गप्प, ऑक्टोबरात कुईकुई

दसरा झाला, रस्ते सुकले आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की आमची मारुती ८०० कुरकुरायला लागायची. जून ते सप्टेंबर एकदाही आवाज नाही. मग एके दिवशी पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळावं आणि पहिल्याच गतिरोधकावर डाव्या पुढच्या चाकापाशी बारीक ‘कुईऽऽ’ उमटावी. इस्लामपूर, आष्टा मागे टाकून सांगली येईपर्यंत प्रत्येक खड्ड्यावर ती साथ द्यायची. साताऱ्यात माझं घर, सांगलीत पत्नीचं माहेर. ही सव्वाशे किलोमीटरची वाट आम्ही दिवाळीला दरवर्षी करतो, त्यामुळे भाऊबीज आणि कुईकुई असं समीकरणच झालं होतं.

गाडी २००१ सालची, एमएच ११ पासिंगची. इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, पुढे आणखी एकदा वाढवली. अशी गाडी केवळ आवाजापायी विकायची माझ्या मनाला पटेना. त्या आवाजाचा माग काढता काढता दोन वर्षं गेली. त्यात जे शिकलो ते लिहून ठेवावं असं वाटलं, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अशा जुन्या गाड्या अजून दारोदार उभ्या आहेत.

पहिला उपाय झाला तेलाचा. एका गॅरेजमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली, खालून जळक्या ऑइलचा फवारा मारला, आणि आवाज त्याच क्षणी बंद झाला. मी समाधानाने घरी आलो. आठ दिवसांनी तो परत आला, आधीपेक्षा मोठा. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ‘शॉकअप गेलेत.’ पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. गाडी जरा घट्ट चालायला लागली, पण कुईकुई होती तिथेच राहिली. यात कुणी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. आवाज नेमका कुठून येतो हे मात्र दोन्ही वेळा कुणी शोधलं नव्हतं.

तेलाच्या फवाऱ्याची सवय आली कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे चाक कुरकुरलं की वंगण, हे बैलगाडीपासूनचं शहाणपण. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं आणि आखाला वंगण लागलं की बैलांचाही भार हलका व्हायचा. पुढे जीप आली. तिला पुढे-मागे कमान पाटे. पाट्यांची पोलादी पानं एकमेकांवर घासतात, सुकली की करकरतात, आणि तेल मिळालं की शांत होतात. अॅम्बेसेडर आणि फियाटच्या काळात पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीसचे निपल असत. दर सर्व्हिसिंगला ग्रीसगन लावायची, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायची. लोखंडावर लोखंड घासत होतं तोवर हे सगळं बरोबरच होतं.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते मालकाला मिळाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही गाडी साताऱ्या-सांगलीच्या डॉक्टरांच्या, मास्तरांच्या, ऊसवाल्या बागायतदारांच्या दारात आली. तिच्या पुढच्या चाकांची बांधणी वेगळी होती. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. फोर्डने ही रचना १९५० मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत आणली, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच खांबावर उभ्या आहेत. खांबाच्या तळाला चाक आडवं धरून ठेवणारा लोअर आर्म. आर्मच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, गाडीच्या सांगाड्याकडच्या टोकाला रबरी बुश. दोन्ही बाजूंना जोडणारी जाड वाकडी सळई म्हणजे स्टॅबिलायझर बार, तीही रबरांतच धरलेली. ८०० मध्ये तर ही सळई आर्मला पुढे-मागे सरकू न देण्याचंही काम करते. म्हणून तिचं रबर सैल झालं की ब्रेक दाबताना पुढून ‘टक्’ असा धक्का जाणवतो. ग्रीसचे निपल या गाडीला कुठे दिसत नाहीत. पूर्वी ग्रीसने जे केलं ते इथे रबर करतं.

लोअर आर्मच्या बुशमध्ये दोन पोलादी नळ्या असतात, एकीत एक, आणि मधल्या जागेत रबर दोन्हींना चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने सांगाड्याला करकचून आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली. चाक खाली-वर झालं की दोन्हींमधलं रबर थोडंसं पिळलं जातं आणि सुटलं की मूळ जागी येतं. निरोगी बुशमध्ये काहीच कशावर घासत नाही, म्हणून त्याला वंगणाची गरजच नसते. वर्षं गेली, इंजिनाची धग आणि उन्हाळे सोसले की रबर कडक होतं, चिरा पडतात, ते नळीपासून सुटतं. मग जे पिळलं जायचं ते घासायला लागतं. कोरडं रबर पोलादावर घासलं की कुईकुई होते. पावसाळ्यात त्या फटीत पाणी असतं आणि पाणी रबराला निसरडं करतं, म्हणून चार महिने शांतता. वर खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. माझ्या गाडीवरच्या त्या फवाऱ्याने आठ दिवसांचा आवाज बंद केला आणि बुशचं उरलेलं आयुष्य संपवलं.

हे मला उलगडून दाखवलं सांगलीतल्या एका वयस्क मिस्त्रींनी. मेहुण्याच्या ओळखीने गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी पाना हातात घेतला नाही, पाण्याची बाटली घेतली.

‘सर, तेल घालून रबर बरं हुतंय व्हय? पाणी मारून बघू आधी. ज्या रबरावर पाणी पडल्यावर आवाज गप हुईल, त्येच गेलंय.’

त्यांच्या पोऱ्याने बॉनेटचा डावा कोपरा दाबून गाडी खाली-वर डोलवली. मिस्त्री खाली वाकून एकेका जागी पाणी मारत गेले. स्टॅबिलायझरच्या मधल्या रबरांवर मारलं, आवाज तसाच. लोअर आर्मच्या आतल्या बुशवर धार सोडली आणि कुईकुई जागीच थांबली. पाच मिनिटांत, एक पैसाही खर्च न होता निदान झालं. हे घरी कुणालाही करता येतं, फक्त दोन माणसं हवीत आणि गाडी सपाट जागी उभी हवी.

मग त्यांनी गाडी उचलली, आणि उचलताच सांगाड्याखाली घोडी लावली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी डोकंही घालायचं नाही, हा त्यांचा नियम. चाक वर आणि खाली धरून हलवलं. खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं की बेअरिंगचा खेळ थांबतो, बॉल जॉइंटचा राहतो. मग तेच चाक डावीकडून-उजवीकडून धरलं. त्यातला खेळ स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडचा. आवाजांची त्यांची भाषाही नेमकी आहे. ‘कुईकुई’ किंवा ‘चुईंचुईं’ म्हणजे कोरडं रबर. खड्ड्यात ‘खटखट’ म्हणजे सांधा सैल, लिंक रॉड किंवा बॉल. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरून ‘करकर’ आली तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग. वेगाबरोबर वाढत जाणारी ‘घूंऽऽ’ बेअरिंगची.

यातली कुईकुई बहुतेक वेळा त्रासदायक असते, धोकादायक नसते. पण बॉल जॉइंट वेगळा. त्याच्यावरची रबरी टोपी फाटली की आतलं ग्रीस वाहून जातं, पाणी आणि चिखल शिरतो, गोळी गंजून झिजते. तोही आधी कुईकुईच करतो. झीज वाढून गोळी खोबणीतून निसटली तर चाक कोलमडतं, आणि यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात ते झालं तर काय, याची कल्पना नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा किती गाड्या गाळात उभ्या होत्या. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर बॉल जॉइंटच्या टोप्या आवर्जून तपासाव्यात.

माझ्या गाडीचे दोन्ही बाजूंचे बुश बदलायचं ठरलं. डावा गेला तर उजवाही तेवढाच जुना असतो, आणि एकीकडे नवं घट्ट रबर, दुसरीकडे जुनं सैल, अशी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. आर्म काढले आणि प्रेसवर दाबून जुने बुश बाहेर काढायला वर्कशॉपमध्ये पाठवले. हातोड्याने ठोकून बुश बसवला तर नळी वाकडी होते, रबराला चिरा जातात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली त्या भागात प्रेस आणि लेथ शोधायला लांब जावं लागत नाही, हे आपलं भाग्यच. जुन्या फियाटचे बुश बाजारात मिळत नाहीत तेव्हा इथले टर्नर नायलॉनचे कातून देतात. ते टिकतात, पण रबरासारखे पिळले जात नाहीत, खड्ड्याचा सगळा दणका सांगाड्याला देतात. रबराचा मिळत असेल तर रबराचाच घ्यावा.

नवे बुश घातलेले आर्म परत चढवले, बोल्ट लावले, चाकं बसवली. मला वाटलं काम झालं. मिस्त्रींनी मात्र आर्मचे बोल्ट मुद्दाम सैलच ठेवले होते.

‘आता चाकं जमिनीवर येऊ द्यात. गाडीचं वजन पडलं की मग शेवटचा पाना मारायचा.’

संपूर्ण दुरुस्तीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती हीच. गाडी वर टांगलेली असते तेव्हा आर्म खाली लोंबलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर बुशची आतली नळी तिथेच पकडली जाते. गाडी खाली ठेवली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, घरी उभ्या गाडीतही. खड्ड्यात ते आणखी पिळलं जातं आणि नवा बुश लवकरच फाटतो. मग लोक म्हणतात, पार्ट डुप्लिकेट निघाला. वजन चाकांवर असताना आवळला तर रबर रोजच्या उंचीला सरळ राहतं आणि दोन्ही दिशांना थोडं थोडंच पिळलं जातं. मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, पुढून दोनदा दाबून डोलवली, स्थिर होऊ दिली आणि मगच बोल्ट पक्के केले. खड्डा नसेल तर आर्मच्या बॉलकडच्या टोकाखाली दुसरा जॅक लावून, गाडी घोडीवरून किंचित उचलली जाईपर्यंत वर घेऊनही हे साधतं.

स्वतःच्या हाताने काम करायची हौस असणाऱ्यांना एक सांगतो. स्टॅबिलायझरची रबरं घरी बदलता येतात. स्ट्रट उघडू नका. त्यातली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. कंप्रेसर न लावता वरचा मधला नट सोडला तर ती सुटून माणसाला जन्माचं जायबंदी करू शकते. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकॉनचं ग्रीस लावा, इंजिन ऑइल किंवा डिझेल नको. आर्म किंवा स्ट्रट हलवल्यावर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नव्या टायरची एक कड काही महिन्यांत झिजते.

त्या दुरुस्तीला आता तीन दिवाळ्या झाल्या. पेठ नाक्याचा तो गतिरोधक ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हातही आवाज न होता पार होतो. यंदा सणाला गावी निघण्यापूर्वी तुमची गाडी कुरकुरत असेल तर एका बाटलीत पाणी घ्या आणि कुणाला तरी बॉनेट दाबायला सांगा. आणि बुश बदलायला दिलात तर मिस्त्रींना एवढंच विचारा: शेवटचा पाना चाकं जमिनीवर टेकल्यावर मारणार ना?