टोचण्याआधीचा कागद

ऑक्टोबरातला शनिवार. इंग्लंडमधल्या एका लहान गावात माझी मावसबहीण दवाखान्यात नर्स आहे. फ्लूच्या लशीचा मोसम लागला की तिचे शनिवारही दवाखान्यातच जातात. मी चार दिवसांची पाहुणी, म्हणून रांग सांभाळायच्या कामाला मला जुंपलं. सकाळी आठलाच फाटकापर्यंत म्हातारे-कोतारे उभे. मला वाटलं, बाही वर, सुई आत, पुढचा या! ताई म्हणाली, "टोचायला दहा सेकंद लागतात गं. त्याआधीचं बघ."

आधी फ्रीज. आताचं तापमान, रात्रीतलं सर्वांत कमी, सर्वांत जास्त, तिन्ही आकडे वहीत. 2 ते 8 अंशांच्या मध्ये सगळं हवं. लस गोठली की वाया गेली. मग टेबलावर आली एक जाड फाईल. माझं लक्ष दिवसभर तिच्यावरच राहिलं.

इथे फ्लूची लस म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध. ‘ह्यूमन मेडिसिन्स रेग्युलेशन्स 2012’ प्रमाणे असं औषध टोचणाऱ्याला ते लिहून देण्याचा अधिकार हवा, नाहीतर तसा अधिकार असलेल्याचा आदेश हवा. पण माणशी एकेक चिठ्ठी लिहीत बसलं तर शिमगा आला तरी रांग हलायची नाही. म्हणून कायद्यानेच काही वाटा काढून दिल्यात.

ताईची वाट ‘पेशंट ग्रुप डायरेक्शन’ची. सगळे पीजीडीच म्हणतात. 2000 साली ती कायद्यात आली. तिच्यात कोणाही रुग्णाचं नाव नसतं, असतात ती वर्णनं: पासष्टी गाठलेले, गरोदर बायका, मधुमेही, घरातल्या आजाऱ्याची काळजी घेणारे. कोणाला द्यायची, कोणाला नाही, किती, कुठे टोचायची, नोंद काय ठेवायची, सगळं त्यात. मसुदा ‘यूके हेल्थ सिक्युरिटी एजन्सी’चा, त्यावर डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांच्या सह्या. पण त्या भागातल्या अधिकृत संस्थेची मंजुरी मिळेपर्यंत तो नुसताच कागद. शेवटच्या पानावर त्याखाली काम करणाऱ्या प्रत्येक नर्सचं नाव आणि सही. ताईच्या फाईलमध्ये सह्यांखालच्या रिकाम्या ओळींवर रेघ मारलेली दिसली. मागाहून कोणाचं नाव घुसवता येऊ नये, म्हणून.

पीजीडीची अट कडक. विचारपूस जिने केली, लसही तिनेच टोचायची. "तुम्ही विचारून घ्या, मी टोचते" इथे चालत नाही.

पडद्यापलीकडच्या टेबलावर हेल्थकेअर असिस्टंट होती. हातात ताईइतकीच सफाई, पण ती नोंदणीकृत नर्स नाही, त्यामुळे पीजीडी तिच्या कामाची नाही. तिच्याकडे नावांची यादी होती. डॉक्टरांनी एकेका रुग्णाची माहिती बघून दिलेला आदेश, म्हणजे ‘पेशंट स्पेसिफिक डायरेक्शन’. ठोक यादीवर डोळे मिटून केलेली सही चालत नाही.

दहाच्या सुमारास वडिलांचा हात धरून एक बाई आल्या. वडिलांचं नाव यादीत होतं. असिस्टंटने त्यांना पासष्टीपुढच्यांची, जोर वाढवणारं द्रव्य घातलेली लस टोचली. बाईंनीही बाही वर केली. वडिलांचं सगळं त्याच बघतात, म्हणजे लशीचा हक्क त्यांनाही होता. पण यादीत नाव नव्हतं. असिस्टंटने हसून पडद्याकडे बोट केलं. ताईने पुन्हा पहिल्यापासून विचारलं: ताप आहे का, आधी कुठल्या लशीचा त्रास झाला होता का. मग टोचलं आणि बॅच नंबर नोंदवला. आठ पावलांच्या अंतरावर कायदा बदलला होता.

चहाच्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने दंड पुढे केला. ताई म्हणाली, "थांब, तुझा कागद वेगळा." मुलगी धडधाकट, तिला लस मिळायची ती केवळ या नोकरीमुळे, आणि दवाखान्याचे स्वतःचे कर्मचारी त्या पीजीडीत बसत नाहीत. त्यांना लस देणं ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीची ‘रिटन इन्स्ट्रक्शन’ लागते. ती फाईलच्या मागच्या कप्प्यात निघाली, तेव्हा कुठे मुलीचा नंबर लागला.

कोविडच्या काळात, 2020 साली, कायद्याने आणखी एक दार उघडलं. राष्ट्रीय प्रोटोकॉलखाली एकाने विचारायचं, दुसऱ्याने लस भरायची, तिसऱ्याने टोचायची, अशी वाटणी चालू लागली. मी म्हटलं, "सोपंच की." ताई म्हणाली, "सोपं खरं. पण मग कोणी काय केलं, तेही लिहून ठेवावं लागतं."

आवराआवर करताना टेबलाच्या कडेला एक छोटी पेटी दिसली. ॲड्रेनलिन. लशीची जबर ॲलर्जी येऊन श्वास अडकला, तर मांडीत टोचायचं. मी सवयीने विचारलं, "हिचा कागद कुठला?"

"हिला नाही लागत. जीव वाचवायचा असेल तर हे कोणीही टोचू शकतं. अगदी तूसुद्धा."

दिवसभर मला लशीच्या खोक्याला हातही लावू दिला नव्हता. जाण्याआधी ती पेटी कोणत्या कपाटात ठेवतात, तेवढं मात्र मी बघून घेतलं.