जांभळाची साल आणि रंगाचा हिशेब

मृग लागला की परभणीच्या बाजारात जांभळाच्या पाट्या दिसू लागतात आणि काही आठवड्यांत दिसेनाशा होतात. फळ इतकं नाजूक की दोन-तीन दिवसांत पाणी सुटतं. गराचा रस होतो. बिया वाळवून त्यांची पूड मधुमेहावरचं औषध म्हणून खपते, तिच्या गुणाबद्दल इथे बोलत नाही. सालीचा चोथा मात्र उकिरड्यावर जातो आणि जांभळातला रंग मुख्यतः त्या सालीतच असतो.

हा रंग अँथोसायनिन गटातला. हे नाव १८३५ साली जर्मनीत मार्क्वार्ट यांनी दिलं. पुढे रिचर्ड विल्श्टेटर यांनी निळ्या कॉर्नफ्लॉवरमधलं आणि लाल गुलाबातलं रंगद्रव्य एकच असल्याचं दाखवलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं. जांभळात या गटातली डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्विडिन ही मंडळी साखरेच्या रेणूंना बिलगून असतात.

सालीचा अर्क दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, रंग लालभडक होतो. दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, आधी निळसर, मग हिरवट आणि थोड्या वेळाने मळकट. सामू तीनच्या खाली असेतो हा रंग खुलतो, चार-पाचच्या आसपास फिका पडतो. म्हणून दुधाच्या पदार्थात घालायला जांभळाचा रंग मागणाऱ्याला सरळ नाही म्हणावं.

रंग काढणं तसं सोपं. साली वाफेवर झटकन चटका देऊन घ्यायच्या, नाहीतर फळातलीच विकरं रंग तपकिरी करतात. बी चिरडू द्यायची नाही, तिचा तुरटपणा अर्कात उतरतो. लोखंडी किंवा तांब्याचं भांडं नको, धातूमुळे रंग काळपट पडतो. मग सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये साली भिजवून फडक्यातून गाळायचं. करवंदाला हीच रीत चालते, पण त्याचा चीक आणि पेक्टिन गाळणं बुजवून टाकतात.

खरी कसोटी पुढे लागते. या अर्कात रंगापेक्षा साखर नि आम्लंच जास्त. ती काढायला अर्क विशिष्ट रेझिनच्या नळीतून सोडतात. रंग रेझिनला चिकटतो आणि साखर पाण्याबरोबर वाहून जाते. मग आम्लयुक्त अल्कोहोलने रंग सोडवून घेतात. ते अल्कोहोल निर्वात यंत्रात ४० अंशांच्या आसपास उडवायचं, कारण जास्त उष्णतेत मेहनत वाया जाते. रंग किती उरला हे मोजायला नमुना सामू १ आणि ४.५ वर ठेवून ५२० आणि ७०० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते पाहतात. भेसळीचा कृत्रिम लाल रंग सहसा या दोन सामूंत फारसा बदलत नाही, म्हणून तोही इथे उघडा पडू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात छोट्या गटाने शुद्ध भुकटीच्या मागे लागू नये. रेझिन, निर्वात यंत्र, फवारा-शुष्कक, सगळंच खर्चिक. कोकणाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. कोकमाचा रंगही अँथोसायनिनच, पण आगळाची जबर आंबटाई आणि मीठ त्याला सांभाळतात. जांभळाच्या सालीचा आंबट, घट्ट अर्क सरबतासाठी विकावा. शुद्धीकरण ज्याच्याकडे भांडवल आहे त्याने करावं.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि त्याचं अन्नतंत्र महाविद्यालयही. रस काढणाऱ्या गटांनी यंदा साली फेकू नयेत, फ्रीझरमध्ये भराव्यात. तिथे नमुना नेऊन रंगाचं प्रमाण मोजून मिळेल का, एवढं तरी विचारावं. त्या आकड्याशिवाय बाटलीवर ‘नैसर्गिक रंग’ छापू नये.