कूलर लागला की दारं उघडी, मग लेकरांचं काय?

मार्च सरत आला की अकोल्या-अमरावतीत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. नव्या ताट्या बसतात, पंप तपासला जातो, लोखंडी स्टँडला रंगाचा हात फिरतो. आणि त्याच दिवसापासून घरातली दारं उघडी राहू लागतात. याला कारण आहे. ओल्या ताटीतून आत येणारी हवा जितकी गार तितकीच दमट. तिला पलीकडून बाहेर पडायला वाट नसेल तर तासाभरात खोली चिकचिकीत होते आणि कूलर असून नसल्यासारखा वाटतो. म्हणून स्वयंपाकघराचं, जिन्याचं, मागच्या अंगणाचं, कुठलं तरी दार उघडं ठेवावंच लागतं. एसीच्या फ्लॅटमध्ये दार लोटून घेतलं की काम भागतं. पंचेचाळीस अंशांच्या वऱ्हाडात, कूलरवर चालणाऱ्या घरात, पहिला पाऊस पडेपर्यंत ते जमत नाही.

अशा घरात रांगणारं किंवा नुकतं पाय टाकू लागलेलं लेकरू असेल तर त्याला अडवायचं कशानं? घरातल्या घरात लावायच्या सुरक्षा गेटचा विचार इथून सुरू व्हायला हवा. गजांचं किंवा जाळीचं, मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीचं हे लहानसं फाटक वारा अडवत नाही आणि लेकरू अडवतं. शिवाय पलीकडे आई दिसत राहते, त्यामुळे मूल घाबरत नाही. मोठ्या शहरांतल्या जाहिरातींत हे गेट एक शोभेची, हौसेची वस्तू म्हणून येतं. माझ्या मते त्याची खरी गरज कूलरच्या घरांना जास्त आहे.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी नाही. जुन्या घरांत सपरीच्या उंबरठ्यात आडवी फळी लावत, नाहीतर पाट उभा करून ठेवत. आत लेकरू, बाहेर वासरू, दोघंही आपापल्या जागी. ‘आमच्या येळी कुठं होते गेट, लेकरं काय वाढले नाईत?’ असं घरातल्या आजी विचारतात तेव्हा त्यांचा प्रश्न सोडून देण्यासारखा नसतो. त्यांच्या वेळी घर एकमजली होतं, आणि एका लेकरावर आजी, काकू, आत्या, शेजारीण अशी पाच-सहा जणांची नजर असायची. आता घरावर मजला चढला, जिना आला, अंगणात जमिनीखाली टाकं आलं, खोलीत विजेवर चालणारा पाण्याचा कूलर आला, आणि दुपारी घरात राहिली एकटी आजी.

पहिलं गेट कुठे लावायचं, असं कुणी विचारलं तर मी जिन्याआधी पाण्याचं नाव घेईन. अकोला शहराला पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीला सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. पण नळ रोज येईलच असं नाही, म्हणून घरोघरी साठा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीतलं पाणीच खारं. अकोट-अकोला भागातली ८४ खेडी पाणीपुरवठा योजना त्याच दुखण्यावर उभी राहिली. गोडं पाणी आलं की टाकं, ड्रम, टिप, बादल्या, गुंड, जे हाती लागेल ते भरून ठेवायचं, ही तिथल्या बायांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. मोठ्यांसाठी ती बेगमी आहे. वर्षा-दीड वर्षाच्या मुलासाठी मात्र तो धोका आहे. या वयात डोक्याचं वजन बाकीच्या शरीराच्या मानानं जास्त असतं. मूल बादलीत वाकून पाहतं, तोल डोक्याकडे जातो, आणि उलटं पडल्यावर स्वतःला वर ओढण्याइतकी ताकद त्याच्या हातांत नसते. पाच सेंटीमीटर पाणीही जिवावर बेतू शकतं. आणि बुडणारं तान्हं ओरडत नाही, हे प्रत्येक आईबापाला माहीत असायलाच हवं. तोंड पाण्यात असताना आवाज फुटत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या माणसालाही काही कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून दगावली. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. त्यावर ही संघटना जे उपाय सुचवते त्यांत दोन अगदी साधे आहेत: पाण्यापर्यंत जायची वाट अडथळा घालून बंद करा, आणि शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांना दिवसा कुणाच्या तरी देखरेखीखाली सुरक्षित जागी ठेवा. बांगलादेशात, जिथे घरामागेच तळं असतं, पाळणाघरं आणि लाकडी कुंपणाची खेळघरं हे दोन्ही उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले. आपल्याकडे अंगणवाडीत मूल बसू लागतं तिसऱ्या वर्षी. त्याआधीची दोन वर्षं, म्हणजे सगळ्यात धोक्याची, ती घरातच काढावी लागतात. निंदणाला किंवा कापूस वेचायला आई गेली की लेकराजवळ उरते आजी, नाहीतर सहा-सात वर्षांची बहीण. त्या बहिणीच्या खांद्यावरचं ओझं एक गेट कितीतरी हलकं करतं.

म्हणून न्हाणीच्या दाराला आणि मागच्या अंगणाकडे जाणाऱ्या दाराला गेट आधी. टाक्याचं झाकण कुलपाचं हवं. झाकणाखाली गजांची जाळी बसवून घेतली तर पाणी काढताना झाकण उघडं राहिलं तरी मूल आत जाणार नाही. शेतात प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर त्याला तारेचं कुंपण हवंच, कारण त्या निसरड्या उतारावरून मोठा माणूसही सहज वर येऊ शकत नाही.

कूलरचा धोका दुहेरी, पाणी आणि वीज. पत्र्याच्या कूलरमध्ये पंपाची वायर कुठे उघडी पडली, अर्थिंग नीट नसलं, तर सगळा पत्राच विजेचा होतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या मुलाचा हात नेमका तिथेच जातो. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असावा, आत फक्त वारा यावा. आतच ठेवावा लागत असेल तर त्याच्याभोवती तीन बाजूंनी लाकडी किंवा प्लॅस्टिकचं कुंपण करावं. पाणी भरताना आधी पिन काढावी, मगच पाइप लावावा. आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज जमिनीत गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. हे काम गेटच्या आधी करावं, असं मी स्पष्टच सांगेन.

आता जिना. वऱ्हाडात घर एकदम पुरं होत नाही. खालचा मजला झाला, राहायला आले, वरचा सवडीनं. तोवर गच्चीचा जिना कठड्याविना, आणि गच्चीवर पुढच्या कॉलमच्या सळया वर आलेल्या. उन्हाळ्यात झोपायला, पापड-कुरडया वाळवायला दिवसातून दहादा गच्चीवर जाणं होतं. ज्यांनी कठडा केला त्यांच्याकडे वेगळीच अडचण. हल्ली स्टीलच्या आडव्या नळ्यांच्या कठड्याची चलती आहे. दिसायला तो छान दिसतो, पण दोन वर्षांच्या मुलाला चढायला आयती शिडी मिळते. असा कठडा झालाच असेल तर आतल्या बाजूनं जाड ॲक्रिलिकचा पत्रा किंवा घट्ट विणीची जाळी ताणून बांधावी.

उन्हाळ्यानं उघडलेल्या घराचं हे दुखणं फक्त आपलं नाही. न्यूयॉर्कमध्ये उकाड्यात उघड्या ठेवलेल्या खिडक्यांतून मुलं पडत. तिथल्या आरोग्य विभागानं १९७२ साली ‘मुलांना उडता येत नाही’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम काढली, घरोघर जाऊन माहिती दिली आणि खिडक्यांचे गज फुकट वाटले. ब्रॉन्क्स भागात दोन वर्षांत पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. १९७६ मध्ये तर लहान मुलं असलेल्या भाड्याच्या घरांना असे गज बसवून देणं घरमालकांवर कायद्यानं बंधनकारक झालं. खिडकी बंद करा, असं त्यांनी गरिबांना सांगितलं नाही. उकाड्यात ते शक्य नाही हे त्यांनी आधी मान्य केलं, म्हणूनच त्यांचा उपाय टिकला.

गेट दोन प्रकारचं मिळतं. एक दाबावर बसणारं: दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवले की रबरी टोकं भिंतीला घट्ट टेकतात, भोक पाडावं लागत नाही. दुसरं भिंतीत खिळवलेलं. दोन खोल्यांमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या दारात पहिलं चालतं. जिन्याच्या वरच्या टोकाला मात्र फक्त दुसरंच. मूल पूर्ण अंगानं रेललं की दाबाचं गेट गुळगुळीत टाइल्सवरून सरकू शकतं, आणि त्याची खालची आडवी पट्टी मोठ्यांच्याच पायात अडकते. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात अशा गेटांशी संबंधित दुखापतींसाठी सुमारे ३७ हजार मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आणली गेली. दोन वर्षांखालची बरीचशी मुलं गेट कोसळून किंवा उघडं राहून जिन्यावरून पडली होती. ढिलं बसवलेलं गेट न बसवलेल्याहून वाईट, कारण घरातले त्याच्या भरवशावर राहतात.

तयार गेट ऑनलाइन साधारण अडीच ते सहा हजारांत येतं. त्याचं मूळ माप बहुधा पाऊण मीटरच्या आसपास असतं, आणि आपला जिना तीन-साडेतीन फुटांचा. म्हणजे जोडपट्ट्या लागतात, त्यांचा खर्च वेगळा. त्यापेक्षा आपल्या भागातला फॅब्रिकेशनवाला बरा, असं मला वाटतं. अमरावतीत सातुर्णा, अकोल्यात शिवणी या एमआयडीसींपासून गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत हे काम कुणीही करून देतं. पण खिडकीच्या ग्रिलसारखं समजून करू नका, असं त्यांना बजावायला हवं. गज उभेच हवेत. दोन गजांत सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर अंग निघून जातं आणि डोकं अडकतं. जुन्या पद्धतीच्या, घडी होणाऱ्या हिऱ्याच्या आकाराच्या लाकडी गेटांत मुलांच्या माना अडकून जीव गेले, म्हणून अमेरिकेत १९८५ पासून त्यांचं तसं उत्पादन थांबलं. उंची किमान पाऊण मीटर. कडी बाहेरच्या बाजूला आणि दोन हालचालींत उघडणारी, आधी उचलायची मग ओढायची. वरच्या टोकाचं गेट जिन्यावर नव्हे, घराकडे उघडावं. वेल्डिंगचे टोचरे ग्राइंडरनं घासून घ्यावेत.

रंगाकडे फारसं कुणी पाहत नाही. दात येणारं मूल गेटची वरची पट्टी चावतं, हे ठरलेलं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम भारतात २०१६ साली अधिसूचित झाला. औद्योगिक वापराचे रंग मात्र त्याच्या बाहेर आहेत, आणि वर्कशॉपमध्ये उरलेला डबा कशाचा आहे हे सांगता येत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. म्हणून घरगुती वापराचा, शिसं नसल्याचं छापलेला डबा आपणच नेऊन द्यावा.

घरात कुत्रा असेल तर गेटचा उपयोग वाढतो. कुत्रा कितीही गुणी असो, रांगत्या मुलाबरोबर त्याला एकटं सोडू नये. मूल शेपूट ओढतं, खाण्यात हात घालतं, आणि कुत्र्याला नाही म्हणायची एकच रीत ठाऊक असते. गेटमुळे दोघं एकमेकांना बघतात, वास घेतात, सवय होते. भर उन्हाळ्यात कुत्र्याला पत्र्याच्या शेडखाली बांधण्यापेक्षा गेटच्या आड कूलरच्या वाऱ्यात ठेवणं केव्हाही चांगलं. अमरावतीत वडाळी आणि विद्यापीठ परिसरात बिबट्या दिसत आला आहे. तिकडच्या लोकांनी तर रात्री कुत्रा आतच ठेवावा. मांजरासाठी गेट निरुपयोगी, ते उडी मारून जातं. आणि चावा असो की नुसता ओरखडा, पाळीव प्राण्याचा असला तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

गेट कायमचं नसतं. मूल त्यावर चढू लागलं किंवा कडी उघडू लागलं, साधारण दोन वर्षांनंतर, की ते काढावं. तोवर त्याला जिना उतरायला शिकवावं, पोटावर पालथं होऊन आधी पाय खाली.

एका घराचा विचार मात्र राहून जातो, आजोळच्या. वर्षभर त्या घरात आजी-आजोबाच असतात, म्हणून तिथे काहीच बंदोबस्त नसतो. आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईहून, नागपूरहून नातवंडं उतरतात, तीही कूलर, टाकं आणि गच्ची यांची ओळख नसलेली. मुलांच्या आईबापांनी तिकिटं काढतानाच आजोबांकडून जिन्याचं आणि न्हाणीच्या दाराचं माप मागवून घ्यावं. फॅब्रिकेशनवाल्यांकडे एप्रिलमध्ये कूलरच्या स्टँडची गर्दी असते, तेव्हा काम मार्चमध्येच टाकलेलं बरं.