कुंडीतली कोथिंबीर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरोळ तालुक्यात ऊस डोक्याच्या वर जातो, कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव लांबवर आहे; पण घरच्या कुंडीत टाकलेली कोथिंबीर कितीदा तरी उगवतच नाही. मग ‘माझ्या हाताला गुणच नाही’ म्हणत कुंडी कोपऱ्यात जाते. दोष हाताचा नसतो, काही पक्क्या समजुतींचा असतो.

गैरसमज: स्वयंपाकघरातले धणे उगवत नाहीत.
वस्तुस्थिती: भाजलेले किंवा फार जुने नसतील तर उगवतात. किडके, काळपट दाणे तेवढे निवडून काढा.

गैरसमज: एक धणा म्हणजे एक बी.
वस्तुस्थिती: धणा हे फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. धणे कापडावर पसरून लाटण्याने हलके रगडले की दोन फाकी सुट्या होतात. पूड मात्र होऊ देऊ नका. मग रात्रभर भिजवून, निथळून अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरा.

गैरसमज: रानातली काळी माती कुंडीला सगळ्यात चांगली.
वस्तुस्थिती: ही माती पाणी धरून ठेवते. कुंडीत तिचा चिखल होतो, वाळली की भेगा पडतात आणि रोपं बुडाशी कुजतात. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू मिसळा, कुंडीला खाली भोक ठेवा. आपल्याकडच्या क्षारपड रानातली, पांढरा थर आलेली माती तर नकोच. खारामुळे उगवण मार खाते.

गैरसमज: आठवड्यात कोंब दिसला नाही, म्हणजे बी वाया गेलं.
वस्तुस्थिती: कोथिंबिरीला साधारण ८ ते १५ दिवस लागतात. तिच्याच कुळातल्या पार्सलीला तर ३ ते ४ आठवडेही लागतात. तोवर माती ओलसर ठेवा, चिंब नको.

गैरसमज: कोथिंबीर बारा महिने सारखीच येते.
वस्तुस्थिती: ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा खरा हंगाम. एप्रिल-मेच्या तापात उगवण घटते आणि रोप पानं धरण्याआधीच फुलावर जातं. तेव्हा कुंडीला दुपारची सावली द्या.

गैरसमज: कोथिंबीर मुळासकटच उपटायची.
वस्तुस्थिती: साधारण ४० दिवसांनी बाहेरची पानं कापा, मधला कोंब राखा, पुन्हा फुटवा येतो.

एकदाच भरमसाट पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एका कुंडीत मूठभर धणे टाका. हंगामभर घरची ताजी कोथिंबीर मिळत राहील.